डाव्या हातातला राक्षस

माणसानं येडं व्हावं, पण हिरोच्या नादानं तरी व्हावं का नाई? आमच्या काकाचा प्रफुल्ल, पंचवीस वर्षांचा घोडा, त्याले जपानी शाळेच्या कार्टूनमधला कोण आवडावा? मागच्या बाकावरचा एक येडपट! त्याच्या डाव्या हाताले कायम पट्टी. आत म्हणे राक्षस कोंडला आहे. अख्ख्या मालिकेत त्याचं काम एकच, हात धरून कण्हणं.

झालं! आमच्या भाऊनंही आमच्या माजरी गावच्या उन्हात महिनाभर पट्टी गुंडाळली. काकूनं पाण्याची बादली आणाले सांगितली का हा म्हणे, "हा हात मोकळा झाला तं गाव जळन!" मग बादली काकूच आणे.

एक दिवस कुष्ठरोगाच्या तपासणीले सरकारी दवाखान्याची आशाताई घरी आली. पट्टी पाहून तिचा चेहराच उतरला.

"काऊन रे, हात सुन्न वाटते का?"

हा आवाज जाड करून म्हणते, "ताई, दूर व्हा. आत राक्षस आहे."

"असन. डोये मीट."

तिनं पट्टी सोडली. घामानं भिजलेल्या कातडीवर गोल गोल चट्टे! तिनं घाबरत घाबरत पेनाचं टोक चट्ट्यावर फिरवलं, तं हा गुदगुल्या झाल्यासारखा खिदळाले लागला. चट्टा सुन्न नाई, म्हणजे कुष्ठरोग नाई! ताईचा जीव भांड्यात पडला.

"गजकर्ण आहे," ती म्हणाली. "दवाखान्यातून मलम आण, सकाळ-संध्याकाळ लाव. महिनाभरात मरते तुहा राक्षस."

काकूनं रिकामी बादली आणून त्याच्यासमोर आपटली. "तोवर उजव्या हातानं उचल."