डावी कळी पडली

— नाही हो गुरुजी, माझा कसला विरोध? मी कोण विरोध करणारी? मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. बसा, घोंगडीवर बसा, तिकडची जमीन आजच सारवलीय, ओली आहे. आमच्या नातीला, उत्तराला, ठाण्याला न्यायची, मुलींच्या मोठ्या शाळेत घालायची, इथं आंबिवलीत तिला शिकवण्यासारखं तुमच्यापाशी काही उरलं नाही — हे तुम्ही प्रभाकरला तीनदा सांगितलंत, मी आतून तीनदा ऐकलं. माझा मुलगा ठाण्याच्या कचेरीतच कारकून, बिऱ्हाड हललं तर त्याची रोजची ये-जाही वाचेल. सगळं पटलं. पण देवीनं डावा कौल दिला, त्याला मी काय करू? देवीच्या खांद्यावरची उजवी कळी पडली की जा, डावी पडली की राहा — आमच्याकडे लग्नं, विहीर, सगळं असंच ठरत आलंय, अगदी कोकणात होतो तेव्हापासून. डावी पडली. चारचौघांदेखत पडली. सूनबाई वासंती तिथंच डोळ्याला पदर लावून उभी.

काय? कळ्या कोण चिकटवतं? गुरवच की. म्हणजे — नाथा गुरवाला मोतीबिंदू झालाय ना, म्हणून दोन वर्षं गाऱ्हाणं तो घालतो, कळ्या मी लावते. तगरीच्या. पाण्यानं. पाण्यानंच हो — बरं, गुळाचं पाणी होतं. उजव्या कळीला. जरा घट्ट. का, देवीला गूळ चालत नाही? नैवेद्याला चालतो ना?

आणि ती तुमची हुशार विद्यार्थिनी! दुसऱ्या दिवशी माझ्यासंगं देवळात आली. देवीच्या उजव्या खांद्यावर मुंग्या. तिनं उजवा खांदा बघितला, डावा बघितला, मग मला बघितलं. "आजी, नुसत्या पाण्याला मुंग्या लागतात का गं?" म्हटलं, देवीची लीला. "हं," म्हणाली. बस्स. बापाला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. स्वराज्य आलं त्या श्रावणात जन्मलेली पोर, अजून अकरा सरली नाहीत — एवढी अक्कल असलेल्या मुलीला आणखी शाळा कशाला, तुम्हीच सांगा!

स्वार्थ? माझा कसला आलाय स्वार्थ! तिथं मिळून दोन खोल्या. तू येऊ नकोस असं मला कोणी म्हणालं नाही, खोटं कशाला बोलू. चल असंही कोणी म्हणालं नाही. प्रभाकर एकदा जेवता जेवता बोलला, आईला कल्याणला गोदामावशीकडे बरं वाटेल. गोदा माझी धाकटी बहीण. तिच्याकडे बरं वाटायला मी काय आजारी आहे? — पण राग नाही हो. राग कशाला? नुसतं माहीत असावं माणसाला.

आणि माझ्या मनाचं सांगत नाही मी. हा बघा कागद. बटव्यातच ठेवलाय. कौलाच्या आदल्या दिवशी उत्तराच्या वहीतून पडला. त्या दोन खोल्या काढल्यात तिनं — ही मोरी, ही चूल. वाचता नाही आलं तरी मोजता येतं मला. या आडव्या रेघा म्हणजे अंथरुणं. प्रभाकर, वासंती, धाकटा विश्राम, ती स्वतः. चार! पाचवी दाखवा शोधून. मी चुलीमागेसुद्धा शोधली. आणि खिडकीखाली, वाऱ्याला, हे चौकोनी काय — तर ट्रंक! ट्रंकेला वारा हवा, आजीला नको!

हसता काय गुरुजी? ट्रंक नाही? पाय आहेत? ... आहेत खरे. चार. मग खाट असेल. पण आमच्यात खाट कोणाला लागते — खाली बसलं की उठवत नाही, असं तर माझंच ... त्यात तिनं काय गिरगटलंय, वाचा बघू.

"आजी"? एवढंच?

पुन्हा वाचा.

...

द्या तो इकडे. चुरगळेल तुमच्या हातात. आणि उठा आता, गाडी चुकेल तुमची. प्रभाकरला काही बोलायचं नाही, सांगून ठेवते. येत्या मंगळवारी पुन्हा कौल लावायचा, देवी स्वप्नात येऊन म्हणाली — ते मी बघते. या खेपेला कळ्या उत्तरा लावील. नुसत्या पाण्यानं. आणि तरीही मेली डावीच पडली, तर "उजवी पडली" म्हणून पहिली मीच ओरडेन — नाथाला दिसतंय कुठं! जा, जा तुम्ही.