पुढचे डावे अलॉय चाक निखळल्याबाबत

जबाब, दि. १८/११/२०२५, सकाळी ११.२०

नाव मुक्ताबाई हणमंत शिवशरण, वय ४९ वर्षे, शिक्षण दुसरी, धंदा टायर व अलॉय चाकांचे दुकान, रा. शुक्रवार पेठ, सोलापूर.

मी कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते की, होटगी रोडला माझे दुकान आहे. पती वारल्यापासून अकरा वर्षे मीच ते चालवते. माझा दीर नवनाथ, वय ४४, हा चाके बसवतो. त्यास काल सायंकाळपासून तुम्ही येथे बसवून ठेवले आहे.

दि. १३ रोजी दुपारी चारच्या सुमारास शरणबसव हत्तुरे, रा. होटगी, हा पांढरी छोटी गाडी घेऊन आला. सोबत त्याची आई दानम्मा होती. त्यास सतरा इंची चाके हवी होती. मी विचारले, गाडी रस्त्यावर चालवायची का वरातीत नाचवायची? कंपनीची चाके चौदाची होती. सतरा घातले की वळताना मडगार्डला घासणार आणि खड्ड्यात चाक चिरणार. तो म्हणाला, "मावशी, रुबाब पायजे की." मी म्हणाले, रुबाब माणसाला असतो, चाकाला हवा असते. त्यावर त्याची आई हसली. शेवटी पंधराची घेतली आणि टायर कमी जाडीचे दिले, म्हणजे उंची पहिल्यासारखीच राहते.

चार भोकांचे अंतर जुळत होते. चाकाचे मधले भोक मोठे होते म्हणून आत रिंग घातली. जुने नट त्यात नीट बसत नव्हते, म्हणून निमुळते नवीन दिले. हे सर्व मी स्वतः मोजले. मला लिहिता येत नाही, मोजता येते. नवनाथची चूक निघणार नाही हे मी छातीठोक सांगते. त्याने तीन चाके बसवली. चौथे बसवायच्या वेळी टायरचा टेम्पो आला, म्हणून तो माल उतरवायला गेला. शरणबसव बाहेर फोनवर होता.

तेव्हा दानम्माने पदराची गाठ सोडून रुपयाएवढा तांब्याचा पत्रा काढला. देवळातून आणलाय, चाकाच्या आत ठेव म्हणाली. मी म्हणाले, आमच्यात हे मानत नाहीत, आणि नटाला तर मुळीच कळत नाही. बाहेर चिकटवून देते. ती म्हणाली, "बाहेर नको अक्का. थोरल्याच्या गाडीत आरशालाच बांदला हुता." तिचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर अपघातात गेला, हे मला तेव्हा कळले. मी तिच्या हातातून पत्रा घेतला.

चाक आणि ते ज्यावर बसते तो हब यांच्या मध्ये कागदसुद्धा राहू द्यायचा नसतो. नवनाथला हे मीच शिकवले आहे. तरी तो पत्रा मी माझ्या हाताने मध्ये ठेवला आणि पुढचे डावे चाक मीच बसवले. नट समोरासमोरचे धरून आवळले. नट पुरता आवळला की मापाचा पाना टक् वाजतो, तो चारही वेळा वाजला. पण तांबे मऊ, चालता चालता दबते. ते दबले की नट ढिला. पन्नास किलोमीटर झाल्यावर नट तपासून घे, असे शरणबसवला सांगितले होते. तो आला नाही. आला असता तर सापडले असते. ती चूक त्याची, पत्रा ठेवल्याची माझी.

काल सकाळी साडेदहा वाजता होटगी रोडला ते चाक निखळून तिप्पण्णा या मोटारसायकलवाल्यास लागले. त्याचा पाय मोडला. साहेब विचारतात, काल का बोलला नाहीत? काल मला चाक निघाले एवढेच कळले होते, कुठले ते नाही. आज सकाळीच तुमच्या आवारात येऊन चाक बघितले. त्याच्या आतल्या बाजूस तांब्याचा डाग आहे, रुपयाएवढा. तुम्हाला दिसला नसेल, मला लगेच दिसला.

नवनाथला यातले काही माहीत नाही. त्यास सोडावे. काय लावायचे ते कलम माझ्यावर लावावे. चाक बघून आधी दवाखान्यात गेले, तिप्पण्णाला बघून मग इथे जबाबाला आले. तो मला ओळखत नव्हता, चाक माझ्या दुकानातले हे मीच त्यास सांगितले. त्याच्या औषधाचे मी बघते.

दवाखान्याच्या दारात दानम्मा भेटली. तिप्पण्णासाठी भाकरी घेऊन आली होती. शरणबसवला खरचटलेसुद्धा नाही. माझा हात धरून ती म्हणाली, "अक्का, तू आत ठेवलास म्हणून माझं लेकरू वाचलं." मी व्हय म्हणाले.

हा कागद कोर्टात जायचा तेव्हा जाईल. तोवर तिच्या घरी जाऊन कोणी तो वाचून दाखवू नये, एवढे माझे सांगणे आहे.

हवालदारांनी लिहिलेले सगळे मी दोनदा वाचून दाखवायला लावले. मी बोलले तसेच उतरले आहे, खरे आहे, खोडायचे काही नाही.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा
मुक्ताबाई हणमंत शिवशरण