श्रीपतरावाची कोरी नळी

...आन् चहाबी त्येच्याच घरी! आता तुम्हीच सांगा, अठ्ठ्याऐंशी साली बिदरचा साहेब जीपमधनं येतो, तुरीवर फवारायचं औषध गावातल्या विहिरींत झिरपलंय का तपासतो, मग चहा श्रीपतरावाकडंच कामून? त्येच्या विहिरीचं पाणी गोड म्हून सगळ्या बाया तिथंच, आमची राजूबाईसुदिक! सोताच्या दारात विहीर असून बायको शेजाऱ्याचं पाणी भरायलीय... जळू नको तर काय करू? सगळं त्येच्याच वाट्याला कामून?

तर विरुपाक्ष साहेब गेला चहाला. विहिरीविहिरीच्या पाण्याच्या काचेच्या नळ्या देवळाच्या कट्ट्यावर, राखणीला मी. बघतो तर काय, माझ्या पाण्याची नळी निळीगर्द, श्रीपतरावाची कोरी! आरं देवा, म्हणलं, निळं म्हंजे जहर! तुम्हाला सांगतो, हात आपोआप गेला हो... नावाच्या चिठ्ठ्या काढल्या, ह्याची त्याला, त्याची ह्याला. झालं!

साहेब आला सुपारी चघळत. "हे बघा अण्णा, रोगाशी भांडणारे शिपाई असतात ना रक्तात? तसले सशाच्या रक्तातनं काढून नळीत चिकटवलेत. पाण्यात औषध असलं की ते औषधालाच धरून बसतात, मग मी वरनं टाकलेल्या रंगाला जागाच उरत नाही. निळी चांगली, कोरी खराब."

घ्या! माझ्याच विहिरीवर लाल फुली! आन् श्रीपतराव खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "नरसिंगा, काळजी करू नको, माझ्याकडचं पाणी ने." केवढा तो मोठेपणा! फवारणीचा पंप धुतो विहिरीच्या काठाला, आन् मला पाणी पाजायलाय! तेवढ्यात राजूबाई घागर घेऊन निघाली की तिकडं. धावलो मागं. वरडलो, "पिऊ नगंस! चिठ्ठ्या मी बदलल्यात!"

कोण ऐकतंय? शेजारची चंद्रम्मा म्हणती, "अय्यो, कसा जळायलाय बघा!" राजूबाई म्हणती, "जराशी लाज वाटू द्या." शेवटी साहेबाचे पायच धरले, तवा त्येनं दोन्ही पाणी नव्यानं काढलं, तपासलं. माझं निळं. त्येचं कोरं. वाचलं की न्हाई गाव माझ्यामुळं?

पर सगळं त्येच्याच वाट्याला कामून, सांगा! विहीर खराब निघाली म्हून सरकारनं हातपंप मारला, तोबी त्येच्याच दारात! पाणी तर आधीपेक्षा गोड. राजूबाईला आता तिथलंच पाणी लागतंय, आन् तिची कंबर धरलीय म्हून घागर घेऊन जातो मी. काल श्रीपतराव सगळ्या बायांपुढं म्हणतो, "नरसिंगामुळं मिळाला बरं का हा पंप, त्येला आधी भरू द्या."

भरली मग... काय करता!