चाकाचं नाणं

— नाही हो भाऊ, तुमच्या गाडीत कशाला? इथंच बसा, सराफाच्या दुकानासमोर. शेठ जेवून येतील, शटर उघडतील, नाणं काट्यावर ठेवतील, मग व्यवहार. वर कॅमेरा आहे — हसा जरा त्याच्याकडं बघून! राग मानू नका. ॲपवर चांदीची नाणी विकणारे एकेक भेटलेत मला — एक म्हणाला आधी टोकन पाठवा, एक म्हणाला मोशीच्या पुलाखाली या. पुलाखाली! आणि हो, ॲपवरचा दिग्विजय म्हणजे मीच. वर्षाली नाव लावलं की लोक नाण्याचं सोडून जेवलीस का विचारतात.

मला कसलंही नाणं नकोय — आमच्या ह्यांच्या कंपनीचंच हवंय, चाकाचं चित्र असलेलं. चाकणला आहेत हे, टूलरूममध्ये. कंपनी दर दिवाळीला एक नाणं देते. दुसरा माणूस काय करील? देवापुढं ठेवील. आमचे हे आधी कानस घेतात! चाकाच्या बरोबर खाली, काठावर, एक खाच — आतून पितळ तर नाही ना बघायला. दर वर्षी! मग सासूबाई ते डबीत टाकतात, आणि लक्ष्मीपूजनाला सगळी नाणी मोजून माझ्याकडून दुधानं धुऊन घेतात.

मोजून — तिथंच घोडं अडलंय. त्यातलं एक मी... काढलं. बहिणीच्या बाळाला वाळे केले, माहेरी मिरवले, माझ्या कमाईचे म्हणून. कशाला सांगतेय मी हे तुम्हाला? जाऊ दे, तुम्ही कुठं आमच्या घरी येणार आहात! पण उद्या पूजा, आणि सासूबाईंना संशय आलाय बहुतेक — डबी उशाशी घेऊन झोपतात. 'यंदा नाणी मीच धुणार, तू हात लावायचा नाहीस' म्हणाल्या. धडकी भरलीय हो मला. नणंदा येणार, त्यांच्यासमोर निघालं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

काढा ना, शेठ येईस्तोवर बघते. हं... चाक आहे. बरोबर आहे. आणि ही — ही खाच कुणी मारली? तुम्ही नाही? मग नाणं तुमचं नाहीच की! — आईच्या भजनी मंडळातल्या मावशींचं? तुम्ही नुसती जाहिरात टाकून दिलीत? थांबा. बुटक्याशा आहेत का मावशी? डाव्या हातावर तुळस गोंदलेली? आणि टचचा मोबाइल घ्यायचाय त्यांना, मुलगा घेऊन देत नाही म्हणून?

हसत नाहीये हो, ठसका लागला. पाणी द्या जरा.

म्हणजे आठवडाभर मी सासूबाईंना घाबरतेय — आणि त्या मला! बिचाऱ्या. खरंच, वाईट वाटलं हो. मागितला असता तर मीच नसता का आणून दिला मोबाइल? — नसता दिला म्हणा.

आता शेठ कशाला न् काटा कशाला, ह्याची पारख आमच्याच घरात झालीय. घ्या पैसे. मावशींना सांगा, दिग्विजय नावाच्या माणसानं घेतलं. आणि मोबाइल घ्यायला बरोबर जा त्यांच्या, म्हाताऱ्या माणसाला कुणी काहीही गळ्यात मारतं. काय म्हणता? डबीत अजून एक कमीच राहतंय? राहू दे की! यंदा मोजायची हिंमत कुणाला आहे?

निघा तुम्ही आता — आणि आधी ती जाहिरात काढा. आमचे हेसुद्धा असतात त्या ॲपवर.