उर्दू शाळेवर माझी नेमणूक

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद चालू होता त्या दिवसांतली गोष्ट सांगतो. परभणीकडच्या एका गावात उर्दू शाळेचे मास्तर रिटायर झाले आन् त्या जागेवर माझी ऑर्डर आली. मला तर उर्दूचा पहिला अलिफसुद्धा येत न्हवता. शिक्षण ऑफिसातल्या साहेबांना तसं सांगितलं, तर म्हणाले, “गुरुजी, जागा रिकामी राहिली की मंजुरी जाते. सांभाळून घ्या.”

गावात हिंदू-मुसलमानांत आधीच बोलणं तुटलेलं. लोकांना वाटलं, सरकारनं मुद्दाम हिंदू मास्तर धाडला. दोन वर्षं मी त्या लेकरांना नुसतं गणित शिकवलं.

एक दिवस ऑफिसातून पाकीट आलं. आत गावकऱ्यांचा उर्दूतला अर्ज आन् त्यावर साहेबांचा शेरा: ‘येथे उर्दू वाचणारे कोणी नाही. शाळेच्या उर्दू शिक्षकांनी मराठी भाषांतर करून पाठवावे.’

अर्ज घेऊन मी चांदभाईंकडं गेलो. त्यांची दोन लेकरं माझ्याच वर्गात होती. अर्ज बघून ते ओशाळले.

“गुरुजी, ह्यो आमीच लिहिलाय.”

“असू द्या. काय लिहिलंय?”

“या मास्तरला उर्दू येत न्हाई. दुसरा द्या.”

“खरंच हाय की. सांगा, मी मराठीत उतरून घेतो.”

एकही शब्द न बदलता भाषांतर पाठवलं. महिन्याभरानं उत्तर आलं: ‘भाषांतर मिळाले. त्यावरून शिक्षकांस उर्दू उत्तम येत असल्याची खात्री झाली. तक्रार निकाली.’