आधी सुई, मग ओटी

माझं माहेर त्र्यंबकेश्वरच्या अलीकडचं खेडं, नागली-वरई पिकवणारं, तिथून मला देवळाली कॅम्पात दिली, सासरची इस्तरीची टपरी हाय, मीबी कोळशाच्या इस्तरीवर हात बसवला. काय सांगू तुम्हाला ताई, पहिल्यांदा दिवस गेले, सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं, तर नर्सबाईंनी मला एकटीला आत बोलावलं, म्हणाल्या सिफिलिस निघालाय, जुनी माणसं गरमी म्हणतात ती, इलाज नाय केला तर पोटातलं बाळ दगावू शकतं, सुया घेतल्या की वाचतं, पण नवऱ्यानंबी तपासून सुई घ्यायची, तोवर जवळ जायचं नाय, नायतर परत लागंल.

मी सुया घेतल्या. ह्यांना सांगितलं तर म्हणाले मला कुठं काय होतंय. सासू म्हणाली हे तू माहेरून आणलंस. म्हटलं आत्याबाई, शोधायला बसू नका, तुमच्याच घरात सापडंल. तवापासून गोधडी सासूशेजारी टाकली. हे रोज म्हणायचे उद्या जातो, उद्या जातो.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांची वाडी, गल्लीतल्या बाया जमल्या, सासू खण-नारळ घेऊन पुढं आली आणि मी पदर पसरलाच नाय. हाताची घडी घालून पाटावर बसले. सासू म्हणाली अगं पदर धर, लोक बघतात. म्हटलं बघू द्या, आधी तुमचा लेक दवाखान्यात जाईल, मग ओटी. शेजारची काकू हसली, म्हणाली दिवस तुला गेलेत का त्याला? म्हटलं काकू, दिवस मला गेलेत, सुई दोघांना हाय. सासूच्या हातात नारळ तसाच, शेवटी तीच ओरडली, जा की मेल्या, नातवंडाचा जीव घेतोस का?

हे गेले. तिथंच तपासलं, ह्यांच्यातबी निघालंच. कमरेखाली सुई घेऊन लंगडत आले, मग मी पदर पसरला.

लेक आता चार वर्षांची हाय, तिचंबी रक्त तपासलं, ठणठणीत हाय. आता परत दिवस गेलेत, तर ह्यांना संगं नेलं आणि आधी ह्यांचाच हात पुढं करायला लावला. भिंतीवर त्या दिवसाचा फोटो हाय, मी पाटावर, शेजारचा पाट रिकामा, हे उभे. गल्लीतल्या नव्या सुना बघून म्हणतात, लय मान देतो हो नवरा. बसता येत नव्हतं ह्यांना! मी म्हणते, बायांनो, तुमचंबी सुखरूप होवो, पण दवाखान्यात जाताना नवऱ्याला घेऊन जा.