दादाच्या खिशातला कागद

नर्स: काका, पट्टी निघाली. आता डोळा उघडा बघू, सावकाश.

दादा: उघडतो गं. आधी ढापणी कुठाय ते सांग. ती समोर असल्याशिवाय मी उघडणार नाही.

डॉक्टर: समोरच आहे. आणि माझ्या दवाखान्यात मला ढापणी म्हणायचं नाही, असं ठरलंय आपलं.

दादा: सख्ख्या धाकट्या बहिणीला काय डॉक्टरीणबाई म्हणू? बरं, उघडू?

डॉक्टर: उघड.

दादा: उघडला. थांब, नीट बघू दे.

डॉक्टर: दादा? अरे, बोल ना काहीतरी. काय दिसतंय?

दादा: तुझे केस किती पिकलेत गं!

डॉक्टर: हुश्श! कालपासून जीव टांगणीला लागला होता माझा.

नर्स: खरंच हो काका. इतक्या लोकांचे मोतीबिंदू काढले मॅडमनी, पण काल तुमच्या वेळी चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. भुवईवर पेनानं खूण केली, तरी तीनदा विचारलं, “उजवाच ना?”

दादा: मला वाटलं, भूल चढलीय का बघतेय.

नर्स: छे! सगळ्यांनाच तीनदा विचारतात. आम्ही मागे उभ्या राहून मोजतो.

डॉक्टर: मोजा, मोजा. आता जवळचं बघू. दादा, हा तात्पुरता चष्मा लाव. वाचायचा तक्ता कुठाय गं?

नर्स: शेजारच्या खोलीत. आणते.

डॉक्टर: राहू दे. ह्याच्या खिशातून कागद डोकावतोय, तोच वाचेल.

दादा: ए, तो नाही! तो संध्याकाळचा आहे. तुझ्या पन्नासाव्या वाढदिवसाचं भाषण.

डॉक्टर: मग तर वाचच.

दादा: अजून कच्चं आहे. शेवटचा परिच्छेद खोडायचाय.

डॉक्टर: आधी वाच, मग खोड. इथे माझं चालतं.

दादा: “माझी बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आणि अकरा पटींनी शहाणी. लहानपणी तिनं माझ्या सायकलची घंटा खोलली आणि परत जोडली. एक स्क्रू उरला. घंटा छान वाजत होती, तरी तो स्क्रू कुठला हे कळेपर्यंत ही बया जेवली नाही.”

नर्स: अगदी मॅडमच!

दादा: “आज लोक दुसऱ्याचा हात धरून तिच्याकडे येतात आणि परत जाताना पुढे चालतात. मी चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं भिंगं घासली, पण असं कुणाला पुढे चालवणं मला जमलं नाही. तिचा मला फार अभिमान वाटतो. हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण ती लगेच डोक्यावर बसते.”

डॉक्टर: पुरे. जवळचं छान दिसतंय.

दादा: रडतेस काय?

डॉक्टर: तू तुझा डोळा सांभाळ. पुढे?

दादा: पुढे काही नाही.

डॉक्टर: खाली दहा ओळी दिसतायत मला.

दादा: पोरी, जरा बाहेर थांबतेस का? आम्हा दोघांचंच आहे.

(नर्स ट्रे उचलून बाहेर जाते आणि दार ओढून घेते.)

डॉक्टर: काय रे? घाबरवू नकोस मला.

दादा: दर वाढदिवसाला तू सगळ्यांना सांगतेस, “दादानं माझा पहिला चष्मा बनवला, म्हणून मी डोळ्यांची डॉक्टर झाले.” लोक टाळ्या वाजवतात आणि मला तोंड कुठे लपवू असं होतं. परवा हे कसंबसं खरडलं. म्हटलं, ऑपरेशननंतर दिसायला लागलं तर वाचायचं. आता दिसतंय, तर धीर होत नाही.

डॉक्टर: वाच, दादा.

दादा: “तो चष्मा मी बनवला तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, दुकानात अगदी नवा. मालक जेवायला गेले होते. हिच्या दोन डोळ्यांचे नंबर फार वेगळे. मी फ्रेम माझ्याकडे तोंड करून धरली. माझ्या डाव्या हाताला जी बाजू आली तीच डावी समजलो आणि भिंगं बसवली. घालणाऱ्याचं डावं-उजवं उलटं असतं, हे डोक्यातच आलं नाही. दीड वर्ष ही पोर उलटी भिंगं लावून फिरली. चूक माझी होती.”

डॉक्टर: उलटी?

दादा: तू चष्म्यावर बसून फ्रेम मोडलीस, तेव्हा कळलं. नव्या फ्रेममध्ये गुपचूप नीट बसवून दिली. मालकांना सांगितलं नाही, आईला नाही, तुलाही नाही. नोकरी गेली असती गं.

डॉक्टर: थांब, थांब. दीड वर्ष? म्हणजे तिसरी अख्खी?

दादा: अख्खी.

डॉक्टर: तिसरीत मी नापास झाले.

दादा: हो.

डॉक्टर: पुस्तक उघडलं की कपाळ ठणकायचं. बाईंनी आईला बोलावून सांगितलं, “मुलगी ढ आहे, फार अपेक्षा ठेवू नका.” मी दाराशीच उभी होते.

दादा: मीच तर आणलं होतं तुला घरी. शिव्या दे मला, हवं तर बोलणं सोड, पण…

डॉक्टर: म्हणजे मी ढ नव्हते?

दादा: काय?

डॉक्टर: दादा, मला आजपर्यंत वाटत आलंय की मी मुळातली ढच आहे, नुसती लपवतेय. बाकीचे एकदा वाचायचे, मी चारदा. दर परीक्षेला वाटायचं, यंदा पकडली जाणार. सुवर्णपदक घ्यायला गेले, तेव्हाही वाटलं, यादीत काहीतरी घोटाळा झालाय. कोणता डोळा ते तीनदा विचारते ना, ते म्हणूनच.

दादा: अगं, वेडी की काय तू! आणि मी समजत होतो, तोंड उघडलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस.

डॉक्टर: चाळीस वर्षं! एवढीशी गोष्ट पोटात ठेवून बसलास? मारीन तुला.

दादा: मार.

डॉक्टर: डोळा ताजा आहे म्हणून वाचलास. बघ ना, हसतेय की रडतेय मलाच कळत नाही. किती हलकं वाटतंय रे!

दादा: मलाही गं. तीनदा विचारणं मात्र सोडू नकोस हं. मी एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टर: नाही सोडणार. पण आता घाबरून नाही विचारणार.

दादा: मग हे शेवटचं खोडू ना?

डॉक्टर: हात तर लावून बघ! संध्याकाळी सगळ्यांसमोर हेच वाचायचं.

नर्स: मॅडम, दार उघडू का? पुढचे आजोबा ताटकळलेत.

डॉक्टर: पाच मिनिटं बसव त्यांना. दादा, ते उलट्या भिंगांचं तेवढं परत वाच. सावकाश.